गेरूखालची नीळ

बलिप्रतिपदेच्या दिवशी सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान माझ्या मोठ्या भावाच्या वाडीतल्या दहाही मेंढ्यांना गेरू लावण्यात आला. सहा मेंढ्यांना तो त्यांच्या राखणदाराने लावला, चार मेंढ्यांना माझ्या वहिनीने. भाऊ तेव्हा आगाशीला एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी फराळाला गेला होता. मी साडेदहाला पोहोचलो. त्यामुळे साडेदहाच्या आधीचं जे इथे लिहिलं आहे ते त्या दोघांच्या सांगण्यावरून आहे, आणि दोघांचं सांगणं एकमेकांशी जुळत नाही.

वाडी होळी गावाजवळ आहे. आमचं घर वसईतल्या जुन्या ख्रिस्ती घरांपैकी. भाऊ हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचा, निवृत्त झाला तो वाडीत उतरला. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो, आता आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहतो. दर रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की वाडीवर जायचं आणि संध्याकाळी परतायचं, असा माझा निवृत्तीनंतरचा क्रम होता.

आमच्याकडे मेंढ्या पाळत नाहीत. पावसाळ्यात त्यांचे खूर सडतात. भातकापणी झाली की घाटावरचे कळप इकडे उतरतात, रिकाम्या शेतांत बसतात आणि पाऊस यायच्या आत परत जातात. अशाच एका कळपातल्या चार लंगडत्या मेंढ्या भावाने ठेवून घेतल्या, पुढच्या वर्षी आणखी काही, आणि एक काळा नर. त्यांच्यासाठी जमिनीपासून हातभर उंच बांबूची माच बांधली. तीन पावसाळे त्या जगल्या. तेव्हापासून भाऊ त्यांना 'आपल्या मेंढ्या' म्हणू लागला. त्या काळ्या, बुटक्या होत्या. त्यांची कोकरंही बुटकीच राहायची. वसईच्या खाटकाने एकदा एक नर उचलून पाहिला आणि खाली ठेवला. "सर, यात मटण शोधायला चष्मा लागेल," तो म्हणाला.

म्हणून भावाने ठरवलं की जतकडचा माडग्याळ जातीचा नर आणायचा. त्या मेंढ्या उंच असतात, पांढऱ्या अंगावर तपकिरी चट्टे, नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. पण ती जात कोरड्या मुलखातली. इथल्या ओलीत ती टिकत नाही. आईकडून ओल सोसण्याची ताकद आणि बापाकडून अंग, असं संकरित कोकरू निघालं तर ते मटणासाठी पाळण्याजोगं होईल, असा त्याचा हिशेब होता. फळ्यावर शिकवल्यासारखं त्याने मला ते दोनदा समजावलं.

वहिनीला हे मान्य नव्हतं. वाडीचा पश्चिमेकडचा तुकडा तिचा होता. तिथे ती लाल माठ, पालक, वांगी, दुधी काढायची आणि पाट्या भरून स्वतः बाजारात न्यायची. माच बांधली ती त्याच तुकड्यावर. नवा नर आणायची वेळ आली तेव्हा तिने अट घातली, माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर.

"एक हंगाम," ती म्हणाली. "कळप घाटावर परत जाईल त्या दिवशी मी बघनार. त्या नराचं एक तरी कोकरू दिसलं, तर तुमच्या मेंढ्या राहतील. नाही दिसलं, तर सगळ्या त्या कळपात द्यायच्या. मग माझी भाजी."

"कबूल," भाऊ म्हणाला.

"भावजी, ऐकलंत ना?"

मी ऐकलं होतं. तेव्हापासून त्या घरात जेवताना मेंढ्यांचा विषय निघत नसे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. तेव्हा ती तशी वाटली नाही.

दसऱ्याला नवा नर कळपात सोडला. तो कोणत्या मेंढीवर चढला हे कळावं म्हणून भावाने एक सोपी तजवीज केली. कपड्यांना घालायची नीळ, काळ्या लोकरीवर उठून दिसावी म्हणून थोडी खडूची पूड घालून, तेलात कालवायची आणि दर दोन दिवसांनी नराच्या छातीला फासायची. तो मेंढीवर चढला की तिच्या पुठ्ठ्यावर निळा डाग उमटतो. काळा नर जुना होता, मेंढ्या त्याच्यामागे शांत चालत, म्हणून त्याला कळपातून काढलं नाही. त्याच्या पोटाखाली गोणपाट बांधलं. देशावर ही रीत आहे. गोणपाट असेपर्यंत नर चढला तरी काही होत नाही.

राखणदार माण तालुक्यातला धनगर होता, चाळिशीचा. ज्या कळपातून आमच्या मेंढ्या आल्या त्या कळपाच्या म्हाताऱ्या मालकाचा तो पुतण्या. कळप परत गेला तरी तो आमच्याकडे बारा महिने राहायचा. गोणपाट तोच बांधायचा. पाडव्याच्या तीन दिवस आधी ते त्याला बांधाच्या कडेला गवतात पडलेलं सापडलं. कधी पडलं ते त्याला सांगता येईना. आदल्या दिवशी संध्याकाळी होतं असं तो आधी म्हणाला. मग म्हणाला, बहुतेक होतं. मी विचारलं, शेवटचं डोळ्यांनी कधी पाहिलं? त्याने नराकडे पाहिलं.

"पाहुणे, रोज बगतो त्ये बगितलं का न्हाई, ह्ये कसं सांगायचं?"

भावाने त्याच दिवशी काळा नर माडाला बांधला आणि मेंढ्या मोजल्या. सातांच्या पुठ्ठ्यावर नीळ होती. तिघींच्या नव्हती. त्या तिघींना बांबूचं कुंपण घालून वेगळं ठेवलं. त्या पुन्हा माजावर आल्या तर नव्या नराला द्यायच्या. आल्या नाहीत तर त्या काळ्या नरापासून गाभण आहेत असं समजायचं. उरलेल्या सात बहुधा नव्या नराच्या. बहुधा, कारण काळा नर त्यांच्यावरही चढला असू शकतो, आणि त्याच्या छातीला रंग नव्हता. भावाने मला फोन केला आणि नोंद करून ठेवायला सांगितलं. मी वहीत लिहिलं: 'नीळ ७, बिननिळीच्या ३.' कुठल्या सात आणि कुठल्या तीन, हे लिहिलं नाही. कानात नंबर नव्हते आणि मी वाडीत नाही, आचोळ्यात बसलो होतो. राखणदार सगळ्यांना तोंडाने ओळखतो, तेवढं पुरेसं आहे, असं भाऊ म्हणाला.

आता पाडव्याची सकाळ.

वहिनीचं म्हणणं असं: राखणदाराचा वर्षाचा सण. त्याला घरी जायला मिळालं नाही. दोन दिवस तो गप्प होता. म्हणून तिने बाजारात रांगोळीवाल्याकडून गेरू आणला आणि त्याला दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

राखणदाराचं म्हणणं असं: पाणी वगैरे काही आलं नाही. पाडव्याला मेंढरं रंगवतात, सगळी, एका जागी उभी करून. वेगळी ठेवलेली मेंढरं ओवाळत नाहीत, ते अशुभ. रंग मालकिणीने आणला, म्हणजे मालकाला ठाऊक असणार, असं त्याने धरलं. म्हणून कुंपण काढलं.

कुंपण कोणी काढलं यावर दोघांचं एकमत आहे. त्यानंतरचं नाही. राखणदार सांगतो, त्याने पाठीवर पट्टे ओढले आणि निळीला हात लावला नाही. वहिनी सांगते, तिने त्याचं पाहूनच केलं. तो पुठ्ठ्यापर्यंत रंगवत होता, म्हणून तीही पुठ्ठ्यापर्यंत रंगवत गेली.

मी आत शिरलो तेव्हा दहा लाल मेंढ्या अंगणात उभ्या होत्या आणि वहिनीचे हात कोपरापर्यंत लाल होते. तिने मोबाइलवर फोटो काढून दुबईला लेकीला पाठवला होता आणि उत्तराची वाट पाहत होती. थोड्या वेळाने भाऊ आला. हातात चकल्यांचा डबा होता. तो फाटकातच थांबला.

"हे काय आहे?"

"पाडवा हाय की, सर," राखणदार म्हणाला.

"छान दिसतात ना?" वहिनी म्हणाली.

भाऊ मेंढ्यांच्या मागून फिरला. एकेकीचा पुठ्ठा पाहिला. सगळे लाल.

"नीळ कुठे आहे?"

"ते निळं घान दिसत होतं," वहिनी म्हणाली. "त्याच्यावरून दोन हात जास्त फिरवले."

भावाने डबा कठड्यावर ठेवला. त्याने आवाज चढवला नाही. ती नीळ कशासाठी होती हे त्याने तिला तिथे, अंगणात, पहिल्यांदा सांगितलं. मला सांगितलं होतं, राखणदाराला सांगितलं होतं, खाटकालासुद्धा सांगितलं होतं. तिला सांगितलं नव्हतं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला कोन बोललं होतं?"

दुबईहून फोटोवर हसरी तोंडं आली.

तो फोटो आम्ही मोठा करून पाहिला. रंग लावण्याआधीचे दोन फोटोही होते. त्यांत चार मेंढ्यांची तोंडं स्पष्ट दिसत होती. पुठ्ठा एकीचाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहिनीने स्वतःहून एक मेंढी धुवायला घेतली. तिचा तर्क असा की गेरू पाण्यात जातो, नीळ तेलातली आहे, ती मागे राहील. कपड्यांचा साबण, कोमट पाणी, तासभर. पाणी आधी लाल आलं, मग जांभळं. लोकर वाळल्यावर पूर्ण पुठ्ठा फिकट जांभळा दिसायला लागला. ती निळीची होती की शेजारच्या मेंढीला घासून निळी झाली होती, हे कळेना. दुसरी मेंढी धुवायची का, यावर भाऊ म्हणाला, नको. माझ्या मते धुवायला हवी होती. पण मी ते तेव्हा बोललो नाही.

राखणदाराला मात्र काळजी नव्हती. "मला ठावं हायती," तो म्हणाला आणि तीन मेंढ्या दाखवल्या. मी त्यांचं वर्णन लिहून घेतलं. एक ठेंगणी, एक कपाळावर भुरी, एक डावा कान फाटलेली. पुढच्या रविवारी मी त्याला पुन्हा विचारलं. त्याने ठेंगणी दाखवली, भुरी दाखवली आणि तिसरी जी दाखवली तिचाही डावा कान फाटलेला होता, पण ती मागच्या वेळची नव्हती, असं मला वाटलं. डावा कान फाटलेल्या दोन होत्या हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"हीच होती का?"

"हीच की."

"मागच्या रविवारी?"

"पाहुणे, तुमी मागच्या रविवारी कंची बगितली त्ये मला काय म्हाईत? म्या दावली ती हीच."

त्या दिवशी मी तिघींच्या मागच्या पायाला सुतळी बांधली. सुतळी बरोबर पायांना बांधली का, याची खात्री आजही देता येत नाही.

पाडव्यानंतर एकही मेंढी माजावर आली नाही. म्हणजे दहाही गाभण होत्या. त्यातल्या किमान तीन काळ्या नरापासून. यापुढे जे सांगता येणार होतं तो सगळा अंदाज होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवा नर खोकायला लागला. पशुवैद्यक दोनदा येऊन गेले. एका मंगळवारी सकाळी सात वाजता तो माचेवर मेलेला सापडला. फुप्फुसं, असं डॉक्टर म्हणाले, पण उघडून पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, असंही म्हणाले. भावाने उघडू दिलं नाही. भाजीच्या जुन्या वाफ्याजवळ खड्डा खणला. वहिनी घरातून चादर घेऊन आली. जुनी नव्हती ती चादर.

त्या दिवसापासून प्रश्न बदलला. आधी तो नर पुढच्या दसऱ्याला पुन्हा सोडता आला असता. आता त्याचं जे काही होतं ते त्या दहा पोटांत होतं, किंवा नव्हतं. दुसरा नर आणायचा म्हटलं तर तोही इथे तीन महिन्यांत मरेल हे आता दिसलंच होतं. इथे जगू शकणारा असा नर फक्त या कोकरांतूनच निघणार होता. भाऊ आठवडाभर चर्चलाही गेला नाही. वहिनी जात होती. परत आली की सरळ माचेकडे जायची, उभी राहायची आणि घरात यायची. काय पाहते असं मी विचारलं.

"पोटं," ती म्हणाली.

ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू असतानाच मेंढ्या व्यायला लागल्या. पहिलं कोकरू एका शनिवारी दुपारी, शेवटचं ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी सकाळी. दहा जन्मली, एक मेलेलं. जुळं एकही नाही. नऊपैकी चार नर, पाच माद्या. राखणदार कोकरू पाटीत ठेवायचा आणि पाटी वजनकाट्याला अडकवायचा. वजनं मी वहीत लिहिली. दोन कोकरं इतरांपेक्षा ठळक जड होती. पण त्या दोघांच्या आयाही थोराड होत्या.

रंगाचं असं झालं: सात काळी, एक काळं पण डोक्यावर पांढरा ठिपका असलेलं आणि एक तपकिरी. तपकिरी कोकरू नर होतं. ते जन्मलं तेव्हा भाऊ तिथेच होता. त्याने मला फोन केला.

"तपकिरी आहे. ऐकतोयस? तपकिरी. त्याच्या अंगावरचे चट्टे होते ना, अगदी तोच रंग."

"आई कोणती?"

तो फोन धरूनच दूर गेला, परत आला.

"सुतळीवाली," तो म्हणाला.

म्हणजे ज्या मेंढीला नवा नर लागला नव्हता असं आम्ही धरलं होतं, तिच्या पोटी तपकिरी कोकरू आलं होतं. एक तर सुतळी चुकीच्या पायाला होती, नाही तर तपकिरी रंगाचा नव्या नराशी संबंध नव्हता. ती डावा कान फाटलेली होती. दुसरी डावा कान फाटलेली चार दिवसांनी व्यायली. काळं.

पशुवैद्यक ईस्टरच्या आठवड्यात लस द्यायला आले तेव्हा भावाने त्यांना सगळी हकीकत सांगितली, नीळ, गेरू, सुतळी, सगळी. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"सर, डीएनए करा," ते म्हणाले आणि हसले. भाऊ हसला नाही. "बरं, नाकावरून थोडं कळेल. पण आत्ता नाही. दीड-दोन महिने जाऊ द्या, नाकाचं हाड उठू द्या."

तेव्हापासून घरात नाकांचं बोलणं सुरू झालं. वहिनी आता जेवताना विषय काढायची. भाऊ काढत नव्हता. तिला तपकिरीचं नाक बाकदार वाटायचं. भावाला ते सरळ वाटायचं. डोक्यावर ठिपका असलेल्या मादीचं नाक त्याला बाकदार वाटायचं, तिला नाही. मी बाजूने फोटो काढले आणि एकमेकांशेजारी ठेवले. मोबाइल कसा धरला यावर नाक बदलत होतं. एका रविवारी वहिनीने विचारलं, "भावजी, तुमी इतकी वर्षं बातम्या तपासल्या. ही तपासा की."

मी म्हणालो, याला साक्षीदार दोनच होते आणि त्यातला एक मेला.

"आनि दुसरा?"

दुसरा माडाला बांधलेला होता आणि झावळी चघळत होता.

अटीचा दिवस जवळ आला तसा मी भावाला एकदा विचारलं, काय करणार? तो म्हणाला, शब्द दिला आहे. दिसलं नाही तर देणार. मी म्हणालो, तिने रंगवलं नसतं तर कदाचित दिसलं असतं. तो म्हणाला, मी सांगितलं असतं तर तिने रंगवलं नसतं. त्याने एवढंच उत्तर दिलं आणि माचेचा एक सैल बांबू बांधायला घेतला. बांबू घट्टच होता.

कळप मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघाला. आदल्या संध्याकाळी तो वाडीपलीकडच्या शेतात बसला होता. मीही त्या रात्री वाडीवरच राहिलो. सकाळी सहाला म्हातारा मालक, राखणदाराचा चुलता, फाटकातून आत आला. डोक्याला लाल पटका, हातात काठी. भावाने त्याला खुर्ची दिली. तो खाली बसला आणि कोकरं एकेक करून पुढ्यात घ्यायला लागला. हनुवटी धरायची, तोंड बाजूला वळवायचं, कान दुमडून पाहायचा, मागचे पाय चाचपायचे. तपकिरीला त्याने लगेच सोडलं.

"हे तर त्याच्याच रंगाचं आहे," भाऊ म्हणाला.

"काळ्या कळपात तांबडं पडतंच, सर. माज्या आज्याच्या कळपात बी पडायचं."

मग त्याने दोन कोकरं बाजूला काढली. दोन्ही काळी, एक नर, एक मादी. वजनाला जड होती ती ही नव्हती आणि वहिनीने किंवा भावाने नव्या नराची म्हणून कधी धरली होती तीही ही नव्हती.

"ही दोन त्याची असत्याल."

"नाकावरून?" मी विचारलं.

"नाक हाय. पाय उंच हायत." मग तो काठीवर हनुवटी टेकून काळ्या नराकडे पाहू लागला. "पर सांगू का, ह्या तुमच्या काळ्याची आय माज्याकडची. तिचा बाप म्या जतच्या बाजारातनं आनला हुता. उंच नाकाचाच हुता त्यो."

भाऊ खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"म्हणजे हे नाक काळ्याकडूनही आलं असेल?"

"आलं आसंल. न्हाई आलं आसंल."

राखणदार मागून म्हणाला, "काका, नक्की सांगा की. हितं लई अडलंय."

"नक्की?" म्हातारा त्याच्याकडे वळला. "नाकावनं बाप ठरवाया लागलो तर गावात एक घर शिल्लक ऱ्हायचं न्हाई. तुजं नाक कुनागत हाय, सांग बरं."

राखणदाराचा हात नाकाकडे गेला. वहिनी हसली. पाडव्यानंतर मी तिला मेंढ्यांच्या जवळ हसताना पाहिलं ते तेव्हाच.

भाऊ हसला नाही. तो माचेपर्यंत गेला, दाराची कडी काढली आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "दाखवता आलं नाही. ठरल्याप्रमाणे तुम्ही घेऊन जा. सगळ्या."

म्हातारा उठला नाही. त्याने वहिनीकडे पाहिलं. शेतातून कळपाचा आवाज येत होता. कुत्री भुंकायला लागली होती, निघायची तयारी होती.

"थांबा," वहिनी म्हणाली. "अट माझी होती ना?"

"हो."

"मग मला विचारा."

"तू म्हणालीस, एक तरी दिसायला हवं. दिसत नाही."

"दिसत नाही असं कोन म्हनतं? नऊ दिसतात. कुठलं त्याचं, ते कळत नाही. ते मी रंगवलं म्हनून, आनि तुमी मला सांगितलं नाही म्हनून. त्याचा दोष त्या कोकरांना कशाला?"

"अट अट आहे," भाऊ म्हणाला. शाळेत मुलांशी बोलायचा तसा.

"ती मी मागे घेतली."

"असं मधेच मागे घेता येत नाही."

"माझ्या भाजीच्या जागेवर मी घातलेली अट. तुमी कोन सांगनार मला मागे घेता येत नाही म्हनून?"

भावाचा हात अजून कडीवर होता. राखणदार जमिनीकडे पाहत होता. म्हातारा मात्र नीट ऐकत होता, पंचायतीत बसल्यासारखा.

मग वहिनी माडाकडे गेली आणि काळ्या नराचा दोर सोडला. तो म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"हा तेवढा घेऊन जा. पुढच्या दसऱ्याला इथे दोघं नकोत."

"इथे एकही राहणार नाही," भाऊ म्हणाला. "कळपात नरच नसेल."

"चार आहेत की."

"ते दोन महिन्यांचे आहेत."

"दसऱ्यापर्यंत थोडे वाढतील. त्यातला एक ठेवायचा."

"कुठला?"

वहिनीने कोकरांकडे पाहिलं. ती आयांच्या मागून उड्या मारत होती. म्हाताऱ्याने बाजूला काढलेली दोन त्यांत परत मिसळली होती. भावाने ती शोधली. एक मादी सापडली. नर कोणता ते त्याने राखणदाराला विचारलं. राखणदाराने एक दाखवला. म्हातारा म्हणाला, ह्यो न्हवं. मग स्वतः दुसरा दाखवला, आणि मग त्याच्याकडेही जरा वेळ पाहत राहिला.

कळप सात वाजून वीस मिनिटांनी हमरस्त्याकडे वळला. काळा नर त्यात होता. वाडीत दहा मेंढ्या आणि नऊ कोकरं राहिली. नऊपैकी चार नर.